‘न्यूज’मध्ये चार दिशा नाहीत

नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ यांची आद्याक्षरं जुळवून ‘न्यूज’ शब्द तयार झाला, असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. अक्षरं इतकी चपखल बसतात की पटकन पटतं. प्रत्यक्षात हा शब्द ‘न्यू’ म्हणजे नवं, यावरून आला आणि शेवटचा ‘एस’ अनेकवचनाचा. नव्या गोष्टी, त्या न्यूज. त्याचा जुना समानार्थी ‘टायडिंग्ज’, त्यालाही शेवटी ‘एस’ आहेच. आद्याक्षरांचे शब्द इंग्रजीत रुळले विसाव्या शतकात. ‘न्यूज’ त्याच्या कित्येक शतकं आधीपासून वापरात आहे. व्युत्पत्ती देणारा कुठलाही चांगला इंग्रजी कोश उघडून बघा. जुन्या लिखाणात त्याचं स्पेलिंग एन-ई-डब्ल्यू-ई-एस असंही सापडतं. मग तो दुसरा ‘ई’ कुठली दिशा?