दियाकोनिया

दियाकोनिया : स्वतःचे हित बाजूला ठेवून ख्रिस्ताच्या नावाने केलेली दुसऱ्याची सेवा, तसेच ती सेवा मंडळीच्या, म्हणजे ख्रिस्ती समुदायाच्या, वतीने पार पाडण्याची रीत. मूळ ग्रीक शब्द. मराठी बायबलमध्ये तो बहुधा ‘सेवा’ असा येतो आणि ती करणारा ‘दियाकोनोस’ हा ‘सेवक’ होतो. चर्चमधील पदाचा निर्देश करताना मात्र ‘डीकन’ हाच शब्द रूढ आहे.

शब्दाची व्युत्पत्ती अनिश्चित आहे. ‘दिया’ (मधून) आणि ‘कोनिस’ (धूळ) असा विग्रह करून ‘धुळीतून धावणारा’ असा अर्थ पूर्वी सांगत. हा विग्रह आकर्षक असला तरी भाषाशास्त्राला तो मान्य नाही. अर्थाबद्दलचा वाद याहून महत्त्वाचा आहे. १९३०च्या दशकातील जर्मन अभ्यासकांनी, विशेषतः बायर याने १९३५ मध्ये, पंगतीत वाढणे हा शब्दाचा मूळ अर्थ धरला आणि त्यातून ‘नम्र, प्रेमाने केलेली सेवा’ हा ख्रिस्ती अर्थ काढला. दियाकोनोस म्हणजे थोडक्यात वाढपी. ऑस्ट्रेलियन अभ्यासक जॉन कॉलिन्स याने १९९० मध्ये प्राचीन ग्रीक साहित्यातील प्रयोग तपासून हे मत खोडले. त्याच्या मते दियाकोनोस म्हणजे कोणाच्या तरी वतीने कामगिरीवर निघालेला माणूस: निरोप्या, मध्यस्थ, मुखत्यार. शब्दात कनिष्ठपणा किंवा ममता अंगभूत नाही. तो अर्थ एकोणिसाव्या शतकातील जर्मन सेवाचळवळीने मागाहून भरला, असे तो म्हणतो. आनी हेंचेल हिने २००७ मध्ये साधारण असाच निष्कर्ष काढला.

शब्दार्थापुरते कॉलिन्सचे म्हणणे अधिक सबळ दिसते. तथापि, लूककृत शुभवर्तमानाच्या बाविसाव्या अध्यायात मोठा कोण, जेवायला बसणारा की वाढणारा, असा प्रश्न विचारून येशू स्वतःला वाढणाऱ्यांत गणतो. तेथे पंगत डोळ्यांपुढून हलवता येत नाही. उलट, निःस्वार्थ सेवेचे सर्वांत ठळक चित्र, म्हणजे योहानकृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायातील, येशू शिष्यांचे पाय धुतो तो प्रसंग, यात दियाकोनिया शब्दच नाही. तेथे ‘दूलोस’ म्हणजे दास हा शब्द आहे. शब्दाचा इतिहास आणि वृत्तीचा इतिहास वेगळे ठेवावे लागतात ते यामुळे.

डीकनपदाचा उगम बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात शोधण्याची प्रथा जुनी आहे. यरुशलेममध्ये रोजच्या अन्नवाटपात ग्रीकभाषक विधवांची उपेक्षा होते अशी तक्रार आली आणि सात जण नेमले गेले. या सातांना तेथे ‘दियाकोनोस’ म्हटलेले नाही. ती संज्ञा त्यांना बिशप इरेनेयस याने सुमारे १८० मध्ये लावली. शिवाय त्याच उताऱ्यात अन्नवाटप आणि वचनाचा प्रचार या दोहोंना दियाकोनिया म्हटले आहे, हे सहसा नजरेतून सुटते. पदनाम म्हणून शब्द पौलाच्या पत्रांत आढळतो. करिंथजवळील किंख्रिया बंदरातील फिबी हिला तो दियाकोनोस म्हणतो. हे पद होते की सर्वसाधारण वर्णन, यावर एकमत नाही. बिथिनियाचा (आजच्या तुर्कस्तानातील प्रांत) रोमन सुभेदार प्लिनी याने सुमारे ११२ मध्ये सम्राटाला लिहिलेल्या पत्रात, सेविका म्हणवल्या जाणाऱ्या दोन दासींना छळून माहिती काढल्याचे नमूद आहे. त्यांची नावे त्याने दिलेली नाहीत.

प्रत्यक्ष कार्याचा पुरावा तिसऱ्या शतकापासून ठोस होतो. २५१च्या सुमारास रोमचा बिशप कर्नेलियस आपल्या मंडळीत ४६ वडील (म्हणजे धर्मगुरू) आणि ७ डीकन असल्याचे सांगतो, आणि १,५००हून अधिक विधवा व गरजू तिच्यावर पोसले जातात असेही. याच शतकाच्या मध्यावरील महामारीत आजाऱ्यांची शुश्रूषा करताना स्वतःच दगावलेल्या ख्रिस्ती लोकांचे वर्णन अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिसियस करतो. वर्णन करणारा त्यांचाच माणूस आहे, हे ध्यानात ठेवूनही ते वाचताना मन हेलावते. ख्रिस्ती लोक आपल्यासह इतरांच्या गरिबांनाही पोसतात, अशी ख्रिस्ती धर्माचा विरोधक असलेल्या रोमन सम्राट ज्युलियनच्या नावावरील पत्रातील (सुमारे ३६२) खंत नेहमी उद्धृत होते; अलीकडे त्या पत्राच्या अस्सलपणावर शंका घेतली गेली आहे. कप्पदुकियातील (आजच्या तुर्कस्तानातील) कैसरिया येथे तेथील बिशप बेसिल याने उभारलेली वसाहत बहुधा ३६९ ते ३७२ दरम्यानची. प्रवासी, आजारी आणि कुष्ठरोगी यांची तेथे सोय होती. आपल्या मित्राच्या मृत्युलेखात नाझियान्झसचा ग्रेगरी तिला ‘नवे नगर’ म्हणतो आणि बेसिल कुष्ठरोग्यांना भाऊ मानून आलिंगन देई, असे सांगतो.

मध्ययुगात ही सेवा प्रामुख्याने मठांकडे गेली. डीकनपद पश्चिमेकडे धर्मगुरूपदाची केवळ पायरी बनले. कायमस्वरूपी पद म्हणून कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) ते पुन्हा खुले केले. प्रॉटेस्टंट जर्मनीत टेओडोर फ्लीडनर याने १८३६ मध्ये कैसर्सवेर्थ येथे डीकनेसांची, म्हणजे सेवाकार्याला वाहून घेतलेल्या स्त्रियांची, संस्था काढली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिने १८५१ मध्ये तेथे प्रशिक्षण घेतले.

महाराष्ट्राशी या परंपरेचा दुवा पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) चरित्रात स्पष्ट दिसतो. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये असताना वॉन्टेज येथील अँग्लिकन जोगिणींनी (भगिनींनी) त्यांना लंडनजवळील फुलम येथील सेवागृह दाखवले. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांची तेथे ममतेने काळजी घेतली जात होती. हे कशामुळे, असे त्यांनी विचारले, तेव्हा भगिनींनी येशू आणि यहुदी ज्यांना हीन लेखत त्या शोमरोनी लोकांतील एक स्त्री यांच्या भेटीची कथा सांगितली. रमाबाईंनी आपल्या धर्मांतराच्या वाटचालीत या अनुभवाला मोठे स्थान दिले आहे. पुढे १८९६–९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुली व विधवा यांच्यासाठी केडगाव येथे मुक्तिसदन उभे राहिले. अन्नवस्त्राबरोबर त्यांना विणकाम, शेतीकाम, छपाई अशी कामे शिकवली जात. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून केलेल्या मराठी बायबलची छपाई केडगावच्याच छापखान्यात, आश्रमातील स्त्रियांच्या हातांनी झाली.

पवित्र गुरुवारच्या (गुड फ्रायडेच्या आदल्या दिवसाच्या) उपासनेत पाय धुण्याचा विधी अनेक चर्चमध्ये होतो. धर्मगुरू वरचे वस्त्र उतरवतो, कमरेला टॉवेल गुंडाळतो आणि गुडघे टेकून समोर बसलेल्या एकेकाच्या पावलावर तांब्याने पाणी घालून ते पुसतो. कॅथलिक विधीत यासाठी पुरुषच निवडावेत हा नियम २०१६ मध्ये बदलला. तेव्हापासून स्त्रियाही त्या रांगेत बसू शकतात.