निसर्गाचे चित्रपुस्तक वर्गात कसे उघडावे

शिक्षक बंधू-भगिनींनो,

आपण आमच्याकडून घेतलेली ही चित्रपुस्तके गोष्टींची नाहीत. पक्षी, किडे, झाडे, पाणी यांची खरी माहिती त्यांत आहे. म्हणून ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून संपवायची गरज नाही. एका तासाला एक पान पुरते. आमचा आग्रह एकच: मजकूर आधी वाचून दाखवू नका. त्यावर कागदाची पट्टी ठेवा आणि चित्रात काय दिसते ते मुलांना बोलू द्या.

मृगाच्या किड्याचे पान घ्या. जूनमध्ये शाळा उघडते त्याच सुमारास, पहिला पाऊस पडून गेला की हे मखमली लाल जीव बांधावर दिसू लागतात. आपल्याकडच्या खेड्यातल्या मुलांनी ते तळहातावर घेतलेले असतात, पण पाय सहसा कुणी मोजलेले नसतात. चित्रात मोजायला लावा. आठ भरतात. मग मुंगीचे पान उघडा, तिचे सहा. इथे वर्गात गलका होतो, होऊ द्या. नाव ‘किडा’, पण नाते कोळ्याशी, विंचवाशी आणि गोठ्यातल्या गोचिडाशी! आता पट्टी काढून मजकूर वाचा. आपली मोजणी बरोबर निघाली का, हे पाहायला मुले स्वतःच पुस्तकावर वाकतात.

सुगरणीच्या पानावरही हेच करून पाहा. भाषेत ती सुगरण, पण खोपा विणतो नर. विणीच्या दिवसांत त्याचे डोके पिवळेधमक होते. खोपा अर्धा झाला की मादी येऊन पाहून जाते. पसंत पडला तर पुढचे विणकाम, नाही तर तो तसाच सोडून नर दुसरा सुरू करतो. चित्रातला अर्धवट खोपा पाहून ‘चित्र अपुरे राहिले’ असे एखादे मूल म्हणेल. लगेच खुलासा करू नका. विहिरीवर झुकलेली, खोपे लोंबणारी बाभूळ गावात असेल, तर मुलांना लांबून ती दाखवून आणा. खाली पडलेला रिकामा खोपा वर्गात आणायला हरकत नाही; झाडावरचा काढू नये.

एक चूक मात्र हमखास होते. पानावर मुंगीही वीतभर आणि हत्तीही वीतभर. लहान मुले ते माप खरे धरतात. म्हणून प्रत्येक चित्राशेजारी त्या जीवाचे खरे माप वहीत काढायला सांगा. जोडीला ज्वारीचा दाणा, बोट, फळा असे ओळखीचे काहीतरी घ्या.

हिवाळ्यात पैठणला नाथसागरावर सहल न्यायची असेल, तर रोहित पक्ष्याचे पान आठवडाभर आधी वर्गात उघडे ठेवा. चित्रात तो गुलाबी असतो. प्रत्यक्षात लांबून बरेचसे पक्षी पांढुरके दिसतात आणि पिले तर करडी असतात. हा रंग अन्नातून हळूहळू चढतो. परतल्यावर तेच पान पुन्हा काढा. मुलाने पाहिलेले पुस्तकाशी जुळले नाही तर ‘तू चुकलास’ असे म्हणू नका, कुठे आणि केव्हा पाहिले ते विचारा. आम्हाला हे सगळ्यात महत्त्वाचे वाटते.

चारही वर्ग एकत्र बसत असतील, तर पहिली-दुसरीची मुले चित्र सांगतील, तिसरी-चौथीची चित्राखालच्या ओळी वाचतील. परिसर अभ्यासाच्या तासाला हे सहज बसते.

पहिला संच निवडताना शाळेच्या आवारात, शेतात, तळ्यावर दिसणारे जीव असलेली पुस्तके घ्या. पेंग्विन आणि पांढरी अस्वले पुढच्या वर्षी. दुकानात आम्ही ही दोन कपाटे मुद्दाम वेगळी ठेवली आहेत.

पावसाळ्यात पुस्तके भिंतीला टेकवू नका. ओल आणि वाळवी दोन्ही तिथूनच येतात. पण फाटतील या भीतीने कुलपातही ठेवू नका. पान निसटले तर पुस्तक घेऊन या, आम्ही शिवून देऊ.