सापाला गोचिडाचं औषध लावण्याआधी

पाण्याच्या भांड्याच्या तळाशी खसखशीएवढे काळे ठिपके दिसले आणि साप आपली लपायची जागा सोडून दिवसभर त्याच भांड्यात वेटोळं करून बसला असेल, तर ते पाणी लगेच ओतून देऊ नका. दोन-चार ठिपके पांढऱ्या कागदावर घ्या आणि नखाने दाबा. लालसर डाग उमटला तर ते सापाच्या रक्तावर जगणारे माइट आहेत. पाण्यात बुडून मेलेले तेवढेच दिसतात. जिवंत आहेत ते अजून सापाच्या खवल्यांखाली आणि पेटीच्या फटींत आहेत.

छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर या शहरांत आता बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक पाळणारे तरुण भेटतात. पहिला मूळचा आफ्रिकेचा, दुसरा अमेरिकेचा. आपल्याकडचे धामण, नाग, दिवड, अजगर हे साप 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. ते घरात ठेवणं गुन्हा आहे, त्यामुळे 'पाळीव साप' म्हणून त्यांचा विचार इथे केलेला नाही. बॉल पायथनसारखी जात वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या 'साइट्स' (CITES) करारातल्या यादीत आहे. 2024 च्या नियमांप्रमाणे अशा प्राण्याची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. नोंद नाही म्हणून डॉक्टरकडे जायची भीती आणि डॉक्टरकडे जात नाही म्हणून घरगुती उपाय, या चक्रात मरतो तो साप.

या माइटचं शास्त्रीय नाव ऑफिओनिसस नॅट्रिसिस. कोळी, विंचू आणि गोचीड ज्या गटात मोडतात त्याच गटातला हा जीव. पूर्ण वाढलेली मादी उपाशी असताना पिवळट तपकिरी असते, रक्त पिऊन फुगली की काळपट लाल होते आणि एक मिलिमीटरच्या आसपास जाते. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो. त्या खवल्याच्या कडेची फट ही माइटची आवडती जागा. हनुवटीखालची खाच आणि गुदद्वाराजवळचे खवले इथेही ते सापडतात. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता ओळखणारे खड्डे असतात, तेही तपासावेत. अंगावर पांढरी भुकटी सांडल्यासारखी दिसली तर ती माइटची विष्ठा समजा. सापाच्या गडद रंगावर माइट दिसत नाहीत, ही भुकटी मात्र दिसते.

नुसतं रक्त जातं एवढ्यावर हे थांबत नाही. माइट फार झाले की साप खाणं सोडतो, अंग घासत राहतो, कात तुकड्या-तुकड्यांनी निघते. पिल्लू असेल तर रक्त कमी होऊन मरूही शकतं. शिवाय एका सापाचं रक्त प्यायलेला माइट दुसऱ्या सापाकडे जातो आणि जाताना एरोमोनास जातीचे जिवाणू नेतो. अजगर आणि बोआ यांच्या एका जीवघेण्या विषाणुजन्य आजाराच्या प्रसारातही माइटवर संशय आहे. माणसाला ते क्वचित चावतात, खाजरे लाल पुरळ उठतात आणि जातात. आपल्या अंगावर त्यांची वस्ती टिकत नाही, म्हणून घरातल्यांनी घाबरून जायचं कारण नाही.

आता खरी गोम. या माइटच्या आयुष्यातला थोडाच काळ सापाच्या अंगावर जातो. अंड्यातून सहा पायांची अळी निघते. ती काहीच खात नाही, एक-दोन दिवसांत कात टाकते. मग येते आठ पायांची पहिली अवस्था. तिला रक्त हवंच, म्हणून ती सापाचा शोध घेत फिरते. पोट भरलं की सापावरून उतरते, फटीत शिरते. पुढची अवस्था पुन्हा काही न खाणारी, जेमतेम एक दिवसाची. त्यानंतर नर किंवा मादी. मादी पुन्हा रक्त पिते, पुन्हा उतरते आणि अंधाऱ्या, दमट फटीत अंडी घालते. आयुष्यभरात 60 ते 80 अंडी, टप्प्याटप्प्याने. पेटीतल्या नेहमीच्या उबेत अंड्यापासून पूर्ण माइट व्हायला एक ते सव्वादोन आठवडे पुरतात. यात आणखी एक चलाखी आहे. नर न भेटलेली मादीही अंडी घालते आणि त्यातून फक्त नर निघतात. म्हणजे नव्या पेटीत चुकून एकच मादी गेली तरी तिची वंशवेल अडत नाही.

मोकळ्या रानात हा हिशेब सापाच्या बाजूने लागतो. माइट पोट भरून बिळात उतरतो, अंडी घालतो, तोवर साप दुसऱ्या बांधाला निघून गेलेला असतो. निघालेली पिल्लं उपाशी मरतात. रानातल्या सापावर माइट सापडतात, पण थोडे. पेटीतला साप रोज त्याच कोपऱ्यात, त्याच अंड्यांच्या वर झोपतो. तीन फुटांच्या काचेच्या पेटीत माइटला यजमान शोधायला जावंच लागत नाही.

आपल्या हवेचाही यात भाग आहे. मे महिन्यात परभणी-नांदेडला पारा 42 च्या पुढे जातो, हवा इतकी कोरडी होते की उघड्यावर माइटची अंडी सुकून जावीत. पण त्याच महिन्यात घरात पाण्याचा कूलर चालू असतो, पेटीत पाण्याचं भांडं आणि ओलसर शेवाळ असतं. बाहेर दुष्काळ आणि पेटीत पावसाळा. जून ते सप्टेंबर तर बोलायलाच नको. अशा दमटपणात पहिल्या अवस्थेतला माइट रक्ताचा थेंब न मिळता दोन आठवड्यांहून जास्त तग धरतो. म्हणून 'आठ दिवस पेटी रिकामी ठेवली' हा उपाय पुरत नाही.

आणि आता मोंढ्यातलं औषधाचं दुकान. ज्या घरात बैल, म्हशी आहेत तिथे गोचिडाच्या औषधाची बाटली फळीवर असतेच. दुकानदार विचारतो, "कशाला पाहिजे, म्हशीला का बैलाला?" साप म्हणायची सोय नसल्याने उत्तर मिळतं, "कुत्र्याला." तिथून पुढचं सगळं चुकतं. उदाहरण म्हणून गोचिडावरच्या आयव्हरमेक्टिन या औषधाचं एक टक्क्याचं इंजेक्शन बघू. गुरांना ते 50 किलो वजनामागे 1 मिली देतात, 300 किलोच्या बैलाला 6 मिली. सापांसाठीही पशुवैद्यक किलोमागे साधारण तेवढंच, म्हणजे 0.2 मिलिग्रॅम औषध धरतात. मग अर्धा किलोच्या सापाचा डोस किती? 0.01 मिली. ड्रॉपरचा एक थेंब साधारण 0.05 मिलीचा असतो. एक थेंब दिला तरी पाचपट झालं. डॉक्टर ते औषध आधी पातळ करतात, साप वजनकाट्यावर ठेवतात, पाणी कमी पडलेल्या किंवा फार अशक्त सापाला देतच नाहीत. हे औषध माइटच्या मज्जातंतूंतल्या क्लोराइडच्या वाटा उघड्या ठेवून त्याला लुळं करतं. मोठ्या प्राण्याचा मेंदू वाचतो तो रक्त आणि मेंदू यांच्यातल्या अडसरामुळे. कासवांत हा अडसर कमकुवत ठरतो आणि या औषधाने ती मरतात. घरात सापाबरोबर कासव असेल तर ही बाटली त्या खोलीतही नको.

गुरांच्या अंगावर पाण्यात मिसळून मारायची डेल्टामेथ्रिनसारखी पायरेथ्रॉइड औषधं वेगळ्या मार्गाने घात करतात. थंड रक्ताच्या प्राण्याचं शरीर ती सावकाश मोडतं. विषबाधा झालेला साप थरथरतो, डोकं हलवत राहतो, उताणा केला तर स्वतःहून सुलटा होत नाही. असं दिसलं तर ताबडतोब कोमट पाण्याने अंग धुवा, हवेशीर जागी ठेवा आणि डॉक्टर गाठा. शेतीच्या जुन्या बाटल्यांत अजून डायक्लोरव्हॉस निघतं. 31 डिसेंबर 2020 पासून देशात त्यावर पूर्ण बंदी आहे. त्याची वाफच विषारी, आणि बंद पेटीत साप तीच ओढतो. एकेकाळी परदेशात सापाच्या पेटीजवळ याच औषधाच्या पट्ट्या टांगत असत. आज तो दाखला देऊन कोणी सल्ला दिला तरी ऐकू नका.

कडुलिंबाच्या पाल्याची धुरी गोठ्यात माशा-डासांसाठी करतात, तीही इथे नको. सापाला छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा पडदा-स्नायू (डायफ्रॅम) नसतो, त्याला आपल्यासारखं खोकता येत नाही, आणि बहुतेक सापांत एकच फुप्फुस खरं काम करतं. त्यात गेलेला धूर आणि कफ बाहेर पडायला वाट नसते. डांबरगोळ्या, कापूर, रॉकेल यांचंही तेच. माझ्या मते माइटपेक्षा माइटवरच्या घरगुती उपायांनी जास्त साप मरत असावेत.

मग करायचं काय? सापाला उथळ, कोमट पाण्यात अर्धा तास ठेवा. डोकं आरामात वर राहील एवढंच पाणी, आणि तुम्ही तिथेच बसून. बरेच माइट बुडतात, उरलेले पळत डोक्याकडे जातात. तिथले कापसाच्या काडीवर तेलाचं बोट लावून डोळ्याच्या कडेने आणि हनुवटीखालून हलक्या हाताने टिपून घ्यायचे. साधं गोडं तेल चालतं, माइटची श्वासाची छिद्रं त्याने बुजतात. सगळ्या अंगाला मात्र तेल चोपडू नका. एवढ्याने सापाला आराम पडतो, माइट संपत नाहीत.

खरी मेहनत पेटीची. आतला भुसा, नारळाचा काथ्या, शेवाळ, लाकूड सगळं पिशवीत बांधून घराबाहेर काढा. पेटी 55 अंशांच्या वरच्या गरम पाण्याने धुवा, कोपरे आणि सिलिकॉनचे सांधे ब्रशने घासा, झाकणाच्या सरकत्या खोबणीत पाणी ओता. 50 अंशांच्या पुढे माइट टिकत नाही. टाकवत नाही असं लाकूड असेल तर काळ्या प्लॅस्टिकमध्ये बांधून मे महिन्याच्या दुपारी गच्चीवर ठेवा आणि आत थर्मामीटर घाला, अंदाजावर जाऊ नका. मराठवाड्याच्या उन्हाचा एवढा तरी उपयोग करून घ्यावा. साप आत असताना काचेची पेटी उन्हात ठेवली तर काही मिनिटांत तो मरतो, हे सांगायला नको, तरी सांगतो. पेटी ब्लीचने पुसणार असाल तर ते टॉयलेट क्लीनरमध्ये मिसळू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो.

पुढचे काही आठवडे पेटीत फक्त पांढरा टिश्यू किंवा वर्तमानपत्र, पाण्याचं भांडं आणि पुठ्ठ्याचा एक डबा. कागद आणि डबा रोज बदलायचा, जुने पिशवीत बांधून टाकायचे. पांढऱ्या कागदावर चालणारा ठिपका लगेच दिसतो, शिवाय अंडी घालायला फटी उरत नाहीत. पेटी ठेवलेलं कपाट, भिंतीची भेग, कूलरची मागची बाजू हेही व्हॅक्यूमने किंवा गरम फडक्याने पुसा.

औषध लागतंच बहुधा, आणि ते सापाचं वजन, वय, जात बघून पशुवैद्यकाने ठरवावं. कुत्र्यांसाठी मिळणारा फिप्रोनिलचा फवारा काही डॉक्टर वापरतात, पण थेट सापावर मारत नाहीत. तो अल्कोहोलमध्ये असतो. कापडावर घेऊन अंगावरून पुसतात, पूर्ण सुकल्याशिवाय साप पेटीत जात नाही. पेटीसाठी ठरलेल्या ताकदीचं परमेथ्रिन वापरायचं तर साप आणि पाण्याचं भांडं बाहेर काढूनच, आणि घरात मांजर असेल तर तेही नको, कारण मांजरांना परमेथ्रिन विषारी आहे. परभणी आणि उदगीर इथे पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत. गावातल्या डॉक्टरांनी साप कधी हाताळला नसेल तर तिथे फोन करून कोण बघतं ते विचारणं जास्त शहाणपणाचं.

यातलं बहुतेक कुठलंच औषध अंड्यांवर नीट चालत नाही. म्हणून पहिला डोस झाला की काम निम्मंच झालेलं असतं. दीड-दोन आठवड्यांत अंड्यातून निघालेली पिढी दुसऱ्या डोसने, कधी तिसऱ्याने मारावी लागते. चार दिवस माइट दिसले नाहीत म्हणून लोक थांबतात आणि तिसऱ्या आठवड्यात पुन्हा सुरुवात होते. शेवटचा माइट दिसल्यानंतर निदान सहा आठवडे कागदाची पद्धत चालू ठेवा.

सर्पमित्रांसाठी वेगळं सांगायला हवं. विहिरीतून, घरातून काढलेल्या रानसापावर माइट असतात, कधी मोठे गोचीडही. साप उचलायचा तोच आकडा, तीच कापडी पिशवी आणि तेच हात घरच्या पेटीकडे गेले तर पाहुणे आले समजा. पिशव्या गरम पाण्यात उकळा, कपडे बदला, आणि दिवसभरात घरच्या सापाचं काम आधी उरका, रानातल्याचं नंतर. नवा विकत आणलेला साप दुसऱ्या खोलीत दोन ते तीन महिने वेगळा ठेवावा, पांढऱ्या कागदावर.