वंशसंहाराचे शिक्षण व स्मरण : मुंबई

एखादा राष्ट्रीय, वांशिक किंवा धार्मिक समूह नष्ट करण्याच्या हेतूने झालेल्या संहाराचा इतिहास तरुणांना शिकवणे आणि त्यात बळी गेलेल्यांची आठवण जागती ठेवणे. इंग्रजीतील ‘जेनोसाइड’ हा शब्द पोलिश ज्यू कायदेपंडित राफाएल लेमकिन यांनी १९४४ मध्ये रूढ केला. ९ डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी या गुन्ह्याविरुद्धचा करार संमत केला; भारताने त्याला १९५९ मध्ये अनुमोदन दिले. मराठीत वंशसंहार, वंशविच्छेद, नरसंहार हे शब्द चालतात. ‘हत्याकांड’ म्हटले की मुलांना जालियनवाला बाग आठवते. कराराच्या व्याख्येत मारणाऱ्याचा हेतू निर्णायक असतो, हा फरक वर्गात सावकाश उलगडावा लागतो.

मुंबईत शिक्षकापुढची पहिली अडचण एका नावाची आहे. कडक मास्तर, हट्टी वडील, शिस्तीचा साहेब यांना आपण सहज ‘हिटलर’ म्हणतो. त्याचे आत्मचरित्र फोर्टच्या पदपथावर पुस्तकांच्या ढिगात वर्षानुवर्षे विकले जात आहे. २००६ मध्ये खारघरला त्याच्या नावाचे उपाहारगृह उघडले होते. ज्यू समाजाने निषेध केल्यावर ते नाव बदलले गेले. यामागे द्वेषापेक्षा अज्ञान अधिक असावे. पण ६० लाख ज्यूंच्या, त्यांतील सुमारे १५ लाख मुलांच्या हत्येशी जोडलेले नाव टोपणनाव म्हणून वापरले जाते, ही गोष्ट हलकी मानता येत नाही.

हा इतिहास दूरच्या युरोपातला वाटला, तरी त्याचे धागे याच शहरात आहेत. नाझी राजवटीतून निसटलेल्यांच्या मदतीसाठी १९३४ मध्ये मुंबईत ज्यू रिलीफ असोसिएशन स्थापन झाली. त्याच वर्षी आलेले संगीतकार वॉल्टर काउफमान १९४६ पर्यंत इथे राहिले. आकाशवाणीच्या ओळखधूनेचे श्रेय सामान्यतः त्यांना दिले जाते. घरोघरी पहाट ज्या सुरांनी झाली, ते सूर एका निर्वासिताचे होते, हे सांगितले की वर्ग एकदम शांत होतो. चित्रकार वॉल्टर लँगहॅमर, समीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन आणि संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंगर हेही युरोप सोडून आले आणि रझा, हुसेन, आरा या चित्रकारांच्या पिढीच्या पाठीशी उभे राहिले. मात्र स्वागताची ही गोष्ट अर्धीच आहे. १९३९ मध्ये युद्ध पेटताच ब्रिटिश सरकारने अशा अनेक निर्वासितांना ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ ठरवून स्थानबद्ध केले. हिटलरने ज्यू म्हणून हाकललेला माणूस इथे जर्मन म्हणून कोठडीत गेला. कागदावरची ओळख माणसाचे काय करते, हे समजावायला याहून जवळचे उदाहरण नाही.

फोर्टमधील आर्मेनियन चर्च १७९६ चे आहे. १९१५ पासून ऑटोमन साम्राज्यात झालेल्या आर्मेनियन संहाराकडे जाण्याची वाट तिथून निघते. १९७१ च्या बांगलादेशातील अत्याचारांची आठवण तर अनेक आजी-आजोबांकडेच मिळते.

शिकवताना प्रेतांच्या छायाचित्रांनी सुरुवात करू नये. मुले हादरतात, पण शिकत नाहीत. छळछावणीचे ‘नाटक’ वर्गात करवून घेणेही अनुभवी शिक्षक टाळतात. आधी माणसाचे नाव, घर, शाळा, आवडीनिवडी, आकडा नंतर. ॲन फ्रँकची रोजनिशी म्हणूनच उपयोगी पडते. ती मराठीतही आहे, आणि लिहायला लागली तेव्हा ॲन १३ वर्षांची होती. भाषेकडेही लक्ष वेधावे : रवांडात १९९४ च्या संहाराआधी आणि संहार चालू असतानाही तुत्सी या तिथल्या अल्पसंख्य समाजाला रेडिओवरून ‘झुरळे’ म्हटले जात होते. तिथे सुमारे १०० दिवसांत अंदाजे ८ लाख माणसे मारली गेली.

स्मरणदिन अनेक आहेत : २७ जानेवारी (१९४५ मधील आउश्वित्झ-मुक्तीचा दिवस), रवांडासाठी ७ एप्रिल, सर्व वंशसंहारांतील बळींसाठी ९ डिसेंबर. कोकणातून आलेले मराठीभाषक बेने इस्रायली ज्यू, काळा घोड्याचे १८८४ चे निळे सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनास्थळ) आणि भायखळ्याचे मागेन डेव्हिड यांमुळे मुंबईत या आठवणीला पत्ता आहे.

मुंबईच्या वर्गात १९९२-९३ चा प्रश्न येतोच. त्या दंगलींत सुमारे ९०० माणसे मेली, असे श्रीकृष्ण आयोगाने नोंदवले. ‘मग तेही वंशसंहारच का?’ असे विचारणाऱ्या मुलाच्या घरी त्या दिवसांची कोणती आठवण आहे, हे शिक्षकाला ठाऊक नसते. व्याख्या सांगावी, पण त्याआधी त्याला बोलू द्यावे. भायखळ्याच्या ससून शाळा ज्यूंनी काढल्या. आज तिथे बहुसंख्य मुले मुस्लीम आहेत.