मिरर लेन्समधील अंतर्गत डाग

मिरर टेलिफोटो लेन्सच्या आतल्या भिंगांवर आणि आरशांवर वापराने, दमटपणाने किंवा नुसत्या वयाने उमटलेल्या खुणांना अंतर्गत डाग म्हणतात. धूळ, बुरशी, धूसर थर, ओरखडे आणि जागोजागी उडालेला पारा (म्हणजे आरशाचा चकाकता अ‍ॅल्युमिनियमचा थर) हे त्यांचे नेहमीचे प्रकार. जुन्या कॅमेऱ्यांच्या बाजारात ५०० मिमी एफ/८ ची (म्हणजे ५०० मिमी नाभीय अंतराची आणि त्याच्या आठव्या भागाइतक्या रुंद तोंडाची) मिरर लेन्स हातात घेतली, तर यांतले काही ना काही आढळतेच. त्यातले फार थोडे छायाचित्रात उतरते.

या लेन्समध्ये प्रकाश पुढच्या काचेतून आत येतो, मागच्या मोठ्या, मध्ये भोक असलेल्या आरशावर पडतो, तिथून पुढच्या काचेच्या मध्यभागी बसवलेल्या छोट्या आरशाकडे परततो आणि मग भोकातून कॅमेऱ्यात जातो. वाट अशी दुमडल्यामुळे लेन्स आखूड आणि हलकी होते. या घडणीमागे दुर्बिणींचे शास्त्र आहे. बर्नहार्ड श्मिट यांनी १९३० च्या सुमारास आरशाचा दोष घालवणारी सुधारक काच वापरून मोठ्या क्षेत्राचा दुर्बीण-कॅमेरा बनवला, तर सोव्हिएत संशोधक दिमित्री मॅक्सुटोव्ह यांनी १९४१ मध्ये वक्र सुधारक भिंगाची रचना मांडली. त्याच रचनेवर आधारलेल्या एमटीओ या सोव्हिएत लेन्सना १९५८ च्या ब्रुसेल्स जागतिक प्रदर्शनात ग्रां प्री हे पारितोषिक मिळाले आणि त्याचे नाव पुढे लेन्सच्या नळीवरच कोरले जाऊ लागले. निकॉन, टॅमरॉन, मिनोल्टा यांच्या ५०० मिमीच्या मिरर लेन्स भारतातही हौशी पक्षिनिरीक्षकांच्या हाती फिरत राहिल्या.

डाग चित्रात का दिसत नाही, हे समजायला थोडे गणित पुरते. ५०० मिमी एफ/८ लेन्सचे तोंड साधारण ६२.५ मिमी व्यासाचे, म्हणजे सुमारे ३,०७० चौरस मिमी क्षेत्राचे असते. त्यावर ३ मिमी व्यासाचा ठळक डाग असला, तरी तो जेमतेम ७ चौरस मिमी जागा अडवतो. प्रकाशाचे नुकसान पाव टक्क्याच्या आसपास. छोटा आरसा आणि त्याचे कवच मिळून व्यास ३० मिमी धरला, तर ते एकटेच जवळजवळ पाव क्षेत्र झाकतात, आणि ते तर लेन्स बनवतानाच मान्य केलेले असते. शिवाय चित्रातल्या प्रत्येक बिंदूकडे जाणारा प्रकाश तोंडाच्या जवळजवळ सगळ्या भागातून येतो, त्यामुळे डागाची सावली एका जागी पडत नाही, सगळीकडे विरून जाते.

अपवाद पार्श्वभूमीतल्या कड्यांचा. फोकसबाहेरचे चमकते बिंदू या लेन्समध्ये मेदुवड्यासारखे भोकाचे गोल होतात, आणि प्रत्येक गोल म्हणजे तोंडाचीच प्रतिमा. त्यामुळे पाण्यावरच्या चकाकीसमोर बगळा टिपला, तर मोठ्या डागाचा तोच खाच पडलेला ठसा मागच्या कड्यांमध्ये ओळीने उमटलेला दिसू शकतो.

खरा त्रास प्रकाश अडवणाऱ्या डागाने होत नाही, विखुरणाऱ्याने होतो. वंगणाची वाफ बसून तयार झालेला धूसर थर किंवा पसरलेली बुरशी सूर्याकडे, पांढऱ्या आभाळाकडे रोखताच चित्रावर दुधाळ पडदा आणते. मिरर लेन्सचा कॉन्ट्रास्ट मुळातच बेताचा, त्यात ही भर. बऱ्याच आटोपशीर लेन्समध्ये पाऱ्याचा थर काचेच्या पाठीमागे असतो. अशा मँजिन आरशाच्या दर्शनी पृष्ठभागातून प्रकाश दोनदा जातो, म्हणून तिथला थर दोनदा नडतो. याउलट पाऱ्यात टाचणीएवढी छिद्रे असली, तर तेवढा प्रकाश परत येत नाही, इतकेच. काचेचा टवका उडाला असेल तर त्यावर काळी शाई भरण्याचा जुना उपाय याच हिशेबाने केला जातो: चमकणारी कड मारली की उरतो फक्त निरुपद्रवी काळा ठिपका.

तपासताना टॉर्च तिरकी धरली, तर चांगली लेन्सही भयाण दिसते. विक्रेते आणि ग्राहक दोघेही या उजेडावर नको तेवढी भिस्त ठेवतात. अधिक भरवशाची चाचणी अशी: टॉर्चवर अ‍ॅल्युमिनियमची फॉइल ताणून तिला सुईने छिद्र पाडायचे, तो उजेड अंधारात दूर ठेवायचा आणि लेन्स मुद्दाम फोकसबाहेर न्यायची. चौकटीच्या मध्यावर दिसणाऱ्या कड्यात डाग जागच्या जागी दिसतात. कड्याचे भोक एका बाजूला सरकलेले असेल, तर आरसे रेषेत नाहीत.

लेन्स उघडण्यातला मोठा धोकाही हाच. भिंगांची रेषा काही अंशी चुकली तर खपते, आरशाचा कल किंचित हलला तरी प्रतिमा बिघडते. म्हणून कुशल कारागीर पुढची काच सैल करण्याआधी काच आणि चौकट दोन्हींवर पेन्सिलीने खूण करतो, आणि परत बसवताना कडी गरजेपेक्षा जास्त आवळत नाही. आवळलेला आरसा दबतो आणि ताऱ्याचा बिंदू फाकतो. धूळ हातपंपाच्या ब्लोअरने उडवतात. पाऱ्याचा थर काचेच्या पुढच्या बाजूस उघडा असेल, तर घासणे वर्ज्य. बुरशीवर सुचवले जाणारे अमोनियाचे मिश्रण अशा आरशाला लावू नये, कारण अल्कलीने अ‍ॅल्युमिनियम खाल्ले जाते. बुरशी काढल्यावरही तिने काचेच्या लेपात कोरलेली नक्षी राहतेच. पारा नव्याने चढवायचा तर निर्वात कक्षात अ‍ॅल्युमिनियमची वाफ बसवावी लागते, आणि तो खर्च बहुधा लेन्सच्या किमतीला भारी पडतो. दोन-चार ठिपक्यांसाठी लेन्स उघडू नये, हेच व्यवहाराचे.

कोकणात पावसाळ्यात चामड्याच्या पिशवीत गुंडाळून कपाटात टाकलेली लेन्स बुरशीला आयतीच सापडते. सिलिका जेल घातलेला घट्ट झाकणाचा डबा, किंवा आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर राखणारे ड्राय कॅबिनेट हा उपाय. बुरशी मरावी म्हणून लेन्स उन्हात ठेवण्याची रीत मात्र इथे घातक आहे. मोठा आरसा ऊन एकवटतो. त्याने छोट्या आरशाचा चिकट जोड सुटू शकतो, आणि मागचे झाकण काढलेले असेल तर मागे ठेवलेला कागद किंवा कापडही पेटू शकते.