ट्रेलर हिचचं वेट रेटिंग

ट्रेलर हिचचं वेट रेटिंग म्हणजे गाडीच्या मागे बसवलेला हिच (ट्रेलर जोडायचा लोखंडी सांगाडा) किती वजनाचा ट्रेलर ओढू शकतो आणि स्वतःवर किती भार झेलू शकतो हे सांगणारे दोन आकडे. अमेरिकेत हे आकडे पाउंडात, हिचवरच्या स्टिकरवर छापलेले असतात. पहिला आकडा सामानासकट ट्रेलरच्या एकूण वजनाचा, दुसरा टंग वेटचा, म्हणजे ट्रेलरची दांडी बॉलवर (ती ज्यावर टेकते त्या लोखंडी गोळ्यावर) सरळ खाली जो भार टाकते त्याचा. लोक पहिला बघतात नि दुसरा विसरतात, बहुतेक घोळ तिथेच होतो.

हिचचे पाच क्लास धरतात. क्लास 1 म्हणजे 2,000 पाउंडांपर्यंत (साधारण 900 किलो) आणि क्लास 2 म्हणजे 3,500, या दोन्हींचा रिसीव्हर, म्हणजे मागचं चौकोनी भोक, सव्वा इंचाचं. क्लास 3 साधारण 8,000 पर्यंत, क्लास 4 त्याच्या वर 10,000 च्या आसपास, यांना 2 इंची रिसीव्हर, आणि क्लास 5 त्याहून जड कामाचा, त्यात अडीच इंची पण मिळतो. कंपनीगणिक आकडे थोडे इकडेतिकडे होतात, त्यामुळे क्लासवर न जाता स्टिकर वाचावा. सव्वा इंचाच्या भोकाला अडॅप्टर लावून 2 इंची केलं तरी रेटिंग वाढत नाही, हे खूप जणांना माहीत नसतं.

आणि हिचचं रेटिंग म्हणजे गाडीचं रेटिंग नव्हे. गाडी, हिच, बॉल माउंट (रिसीव्हरमध्ये घालायचा, बॉल धरणारा दांडा), बॉल, ट्रेलरचा कपलर (बॉलवर बसणारं तोंड), सेफ्टी चेन, प्रत्येकाचा आकडा वेगळा (बॉलचा तर बॉलवरच कोरलेला असतो), आणि यात सगळ्यात लहान आकडा तोच खरा धरायचा. 3,500 पाउंडच ओढू शकणारी एसयूव्ही असेल तर तिला क्लास 4 हिच लावून काहीही मिळत नाही.

टंग वेट साध्या ट्रेलरला एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के हवं. कमी पडलं तर हायवेवर ट्रेलर डावीउजवीकडे झोके घ्यायला लागतो, आणि तेव्हा गाडीचा ब्रेक जोरात दाबणं सगळ्यात वाईट. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि ट्रेलरचे ब्रेक वेगळे असतील तर तेवढेच हाताने लावायचे. टंग वेट जास्त झालं तर गाडी मागून बसते, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग, ब्रेक दोन्ही ढिले वाटतात. म्हणून सामान भरताना साधारण 60 टक्के वजन पुढच्या अर्ध्या भागात ठेवतात, ट्रेलर भाड्याने देणारे यू-हॉलवाले पण हेच सांगतात.

आता खरी मेख. टंग वेट गाडीच्या पेलोडमधून, म्हणजे गाडी स्वतः जेवढं वजन वाहू शकते त्यातून, वजा होतं. समजा एसयूव्हीचं टोइंग रेटिंग 5,000 आहे आणि ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर माणसं अधिक सामान 1,300 लिहिलंय. ट्रेलर 4,500 चा, त्याचे 12 टक्के म्हणजे 540. घरातली चार माणसं 600, डिकीत 200. झाले 1,340, म्हणजे ट्रेलर हलका असूनही गाडी ओव्हरलोड. त्यात विकणारे ट्रेलरचं रिकामं वजन सांगतात, त्यात पाणी नाही की सामान नाही, आणि 40 गॅलनची पाण्याची टाकी भरली की 330 पाउंड तिथेच वाढतात. माझ्या मते विकत घेताना ट्रेलरची कमाल वजनमर्यादाच हिशोबात धरावी, रिकाम्या वजनाकडे बघूच नये.

गाड्यांचे टोइंगचे आकडे पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने काढायची. 2008 मध्ये एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेचं जे2807 हे मानक आलं, टोयोटाने 2011 च्या मॉडेलपासून ते पहिल्यांदा स्वीकारलं, बाकीच्यांना अजून काही वर्षं लागली. त्यात ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमचा सुमारे 11 मैलांचा चढ एसी चालू ठेवून ट्रेलर ओढत चढायचा, आणि मागे दुहेरी चाकं नसलेल्या पिकअपचा वेग ताशी 40 मैलांच्या खाली येता कामा नये. युरोपात बॉलवरचा भार बराच कमी ठेवतात, पण तिकडे ट्रेलर ओढताना वेगमर्यादाही कमी असते, त्यामुळे तिकडचा आकडा अमेरिकेत तसाच लावू नये.

नक्की वजन कळायला ट्रक स्टॉपवरचा काटा बरा. ट्रेलर लावून गाडीची पुढची-मागची चाकं आणि ट्रेलरची चाकं वेगवेगळ्या पट्ट्यांवर घ्यायची, मग ट्रेलर सोडून तेवढ्याच माणसा-सामानासकट नुसती गाडी. ट्रेलर जोडल्यावर गाडीच्या चार चाकांवर जेवढं वजन वाढलेलं दिसतं तेवढं टंग वेट, मात्र वेट डिस्ट्रिब्युशन हिच (बारांच्या जोरावर टंगचा भार बाकीच्या चाकांवर वाटणारा) असेल तर त्याचे बार आधी मोकळे करावे लागतात.