नवतपा आणि सातशे किलोंची स्पोर्ट्स कार

इंजिनची उष्णता हवेत सोडणारं रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकू शकेल, हे बाहेरची हवा ठरवते. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवायला फिरणारं पाणी, ९० अंशांवर आणि हवा १५ अंशांवर असेल, तर दोघांत ७५ अंशांचा फरक असतो. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, भर दुपारी नागपूरच्या वर्धा रोडवर हवाच ४५ अंशांवर असली की फरक उरतो ४५ अंशांचा. उष्णतेचा प्रवाह ढोबळमानाने या फरकाच्या प्रमाणात असतो. म्हणजे रेडिएटर तेच, पंखा तोच, इंजिनही तेच, पण काम ६० टक्केच. त्यात एसी लावला की आणखी एक भानगड. एसीचा कंडेन्सर, म्हणजे आतली उष्णता बाहेर टाकणारी जाळी, रेडिएटरच्या पुढ्यात बसवलेला असतो. त्याच्यातून दहाएक अंश तापून आलेली हवा रेडिएटरच्या वाट्याला येते आणि फरक ३५ अंशांवर घसरतो.

मोठ्या एसयूव्हीला हे फारसं जाणवत नाही. तिचं रेडिएटर मोठं असतं, कूलंट भरपूर असतं, आणि सात माणसं नि सामान घेऊन घाट चढण्याच्या हिशेबानेच ती बनवलेली असते. हलक्या स्पोर्ट्स कारमध्ये असा राखीव साठा नसतो. तो काढून टाकला म्हणूनच तर ती हलकी असते.

या विचाराचं सगळ्यात गाजलेलं नाव कॉलिन चॅपमन. लोटस कंपनीच्या या संस्थापकाचा खाक्या सरळ होता: ताकद वाढवली तर गाडी सरळ रस्त्यावर पळते, वजन कमी केलं तर ती सगळीकडेच पळते. १९९६ मध्ये त्याच कंपनीची एलिस आली, तोवर चॅपमन हयात नव्हता. एलिसचा सांगाडा ॲल्युमिनियमच्या पोकळ पट्ट्या एपॉक्सीने चिकटवून केला होता आणि त्याचं वजन होतं फक्त ६८ किलो. अख्खी गाडी साधारण ७२५ किलोंची. १९८९ ची माझदा एमएक्स-५ जराशी जड, ९५० किलोंच्या आसपास. आपल्याकडे गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची दोन माणसांची गाडी बनायची. बॉडी फायबरग्लासची आणि इंजिन रेनॉचं १.२ लिटरचं. आणि गंमत म्हणजे आपली मारुती ८०० एलिसपेक्षाही हलकी होती, साडेसहाशे किलोंच्या आतबाहेर. फरक इतकाच की एलिसच्या ७२५ किलोंमागे ११८ अश्वशक्ती होत्या आणि मारुतीच्या साडेसहाशेंमागे ३७. (लोटसने २०२३ मध्ये भारतात पाऊल टाकलं ते सुमारे अडीच टनांची इलेक्ट्रिक एसयूव्ही घेऊन. चॅपमन काय म्हणाला असता, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.)

हलकेपणाचा फायदा सगळ्यात स्पष्ट दिसतो तो ब्रेकमध्ये. समृद्धी महामार्गावर कारला ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. त्या वेगाने धावणाऱ्या एक टनाच्या गाडीत सुमारे ५५५ किलोज्यूल गतिज ऊर्जा असते, तर १,७०० किलोंच्या गाडीत ९४५. ब्रेक दाबला की ही सगळी ऊर्जा उष्णता होऊन ब्रेकच्या डिस्कमध्ये जाते. नळाचं दोन लिटर पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, जवळपास तेवढी पहिल्या गाडीत. दुसरीत सव्वातीन लिटरची. टायरचंही तसंच. टायरवरचा भार दुप्पट केला तरी त्याची पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच भरते. म्हणून हलक्या गाडीचा टायर दर किलोमागे जास्त पकड देतो आणि तीच वळणं ती जास्त वेगाने घेते.

आता पुन्हा उष्णतेकडे, कारण नागपुरात अशा गाडीचं खरं दुखणं तेच आहे.

एलिसमध्ये रोव्हर कंपनीचं १.८ लिटरचं के-सीरीज इंजिन होतं. पूर्ण ॲल्युमिनियमचं, वजनाला हलकं, पण हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधली पातळ चकती, उडण्यासाठी बदनाम. कारणं सगळी उष्णतेच्या गणितातली. इंजिनमध्ये कूलंट अगदी थोडं. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावर उघडणारी झडप, इंजिनात शिरणाऱ्या थंड पाण्याच्या बाजूला. शिवाय एलिसमध्ये इंजिन मागे आणि रेडिएटर पुढे, त्यामुळे दोघांमध्ये लांबलचक पाइप. थर्मोस्टॅट उघडला की त्या पाइपमधलं गार पाणी एकदम तापलेल्या इंजिनात घुसायचं. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. ४० सेंटिमीटर लांबीचं हेड ८० अंशांनी तापलं, तर पाऊण मिलिमीटरच्या आसपास लांबतं. हे ताणणं-आकसणं रोजचं झालं, आणि तेही सगळीकडे सारखं नसलं, की मधल्या गॅस्केटचा जीव जातो.

अशी गाडी चौकातल्या गॅरेजवर नेली की हमखास सल्ला मिळतो, "थर्मोस्टॅट काढून फेका न भाऊ, उन्हाळ्यात काय काम आहे त्याचं?" सल्ला मनापासूनचा असतो, पण चुकीचा. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट दोन कामं करतो. गरम झाल्यावर रेडिएटरचा रस्ता उघडतो आणि त्याच वेळी बायपासचा आडरस्ता बंद करतो. तो काढून टाकला की बायपास कायमचा उघडा. पाण्याला सोपी वाट सापडते, बरंचसं पाणी रेडिएटरकडे न जाताच इंजिनात फिरत राहतं, आणि भर मे महिन्यात गाडी उलट जास्त तापते. डिसेंबरात मात्र इंजिन नीट तापतच नाही.

दुसरी चूक अधिक धोक्याची, कारण ती दिसत नाही. कूलंट बदलताना रेडिएटरचं झाकण उघडून पाणी ओतलं आणि काम संपलं, हे साध्या गाडीत चालून जातं. लांब पाइप असलेल्या गाडीत मात्र कुठल्या तरी उंच कोपऱ्यात हवेचा फुगा अडकून बसतो. तो हेडमध्ये, तापमान मोजणाऱ्या सेन्सरपाशीच अडकला, तर सेन्सरभोवती पाणीच नसतं. हवा आणि वाफ पाण्याइतक्या झपाट्याने सेन्सर तापवत नाहीत, म्हणून काटा मध्यावर शांत बसलेला असतो आणि खाली हेड भाजत असतं. यावर उपाय म्हणजे कंटाळा न करता हवा काढणं: हवा सोडायचा ब्लीड स्क्रू सैल करायचा, बुडबुडे थांबून सलग धार येईपर्यंत हळूहळू भरायचं, हीटर पूर्ण गरमवर ठेवायचा, इंजिन एकदा तापवून थंड होऊ द्यायचं आणि पातळी पुन्हा बघायची. मेकॅनिकच्या शेजारी उभं राहून हे करून घ्यावं, असं माझं मत आहे. एकट्यावर सोडलं की त्यातली एखादी पायरी गाळली जातेच.

पाणी कोणतं, हा प्रश्नही छोटा नाही. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांमुळे कूलरच्या ताट्यांवर पांढरा थर चढतो. तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही चढतो आणि उष्णता अडवतो. म्हणून डिस्टिल्ड पाणीच. कूलंटमधलं ग्लायकॉल मुळात थंड प्रदेशात पाणी गोठू नये म्हणून घातलेलं असतं. नागपुरात पारा शून्याखाली जात नाही. ग्लायकॉल मिसळलेलं पाणी साध्या पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं, म्हणून कंपनीच्या सूचनेत बसत असेल तर इथे निम्म्याऐवजी तिसरा हिस्सा ग्लायकॉल पुरतं. पण निव्वळ पाणी कधीच नको. गंज रोखणारी रसायनं त्या कूलंटमध्येच असतात आणि ॲल्युमिनियमच्या इंजिनाला त्यांची गरज लोखंडी इंजिनापेक्षा जास्त. उकळी रोखायचं मोठं काम तर रेडिएटरचं झाकण करतं. एक बार, म्हणजे साधारण वातावरणाएवढ्या, जादा दाबाखाली पाणी १०० ऐवजी १२० अंशांना उकळतं. झाकणाचं रबर कडक झालं असेल, तर हे वीस अंश हातचे गेले. एवढी स्वस्त आणि इतकी दुर्लक्षित वस्तू गाडीत दुसरी नसेल.

सुधारणा करायचीच असेल, तर पहिली मी ही करेन: रेडिएटरच्या चारी बाजूंच्या फटी फोमने बंद करायच्या. हवा आळशी असते, फटीतून जाता आलं तर ती जाळीतून जात नाही. त्याच वेळी जाळी आतून बाहेरच्या दिशेने, कमी दाबाच्या पाण्याने धुवायची. कापसाच्या हंगामात हिंगणघाटकडून एक फेरी मारून आलं, तरी तिच्यात किडे, धूळ आणि कापसाचं तूस अडकलेलं सापडतं.

टायरच्या हवेत नागपूरचे ऋतू अगदी आकड्यांत वाचता येतात. हलक्या गाडीत हवा तशीही कमी लागते, २६ ते २९ पीएसआय. डिसेंबरात पहाटे १० अंशांवर २६ पीएसआय भरली आणि गेज मग मे महिन्याच्या दुपारी ४५ अंशांवर लावला, तर हवा अजिबात गळालेली नसेल असं धरून तो ३१ च्या आसपास दाखवेल. तापमान वाढलं की बंद जागेतल्या वायूचा दाबही वाढतो, एवढंच. दोन टनांच्या गाडीला पाच पीएसआयचा फरक सोसतो. सातशे किलोंच्या गाडीत टायर मधोमध फुगतो, रस्त्याला टेकणारा भाग आक्रसतो आणि गाडी उड्या मारायला लागते. म्हणून हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी तपासायची, आणि ऋतू बदलला की पुन्हा.

शिवाय हलकी गाडी टायर फारसा झिजवत नाही. नक्षी नव्यासारखी दिसते, पण ऊन आणि ओझोनने रबर आतून कडक होत गेलेलं असतं. बाजूवरचा चार आकडी शिक्का बघा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. अशा गाडीत टायर म्हाताऱ्या वयामुळे बदलावा लागतो, झिजेमुळे नव्हे. ब्रेक ऑइलचंही वयच बघायचं. ते हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ४ प्रकारचं ताजं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओल धरलेल्याची मर्यादा १५५ वर येते. दर दोन वर्षांनी, पावसाळा संपला की बदलून टाकावं.

मोठ्या ॲलॉय व्हीलचा शौक मला कळत नाही. चाक पुढे सरकतं आणि फिरतंही, त्यामुळे कडेवरचा एक किलो वेग घेताना जवळपास दोन किलोंसारखा वागतो. चौदा इंची काढून सतरा इंची बसवली आणि प्रत्येक चाकामागे पाच किलो वाढले, तर गाडीला ते तीस-चाळीस किलोंचं ओझं वाटतं. वर हे वजन स्प्रिंगच्या खालचं. खड्ड्यात उसळलेलं जड चाक आवरणं हलक्या बॉडीला जमत नाही. अलाइनमेंट करतानाही वजनाचं भान ठेवावं लागतं. ७२५ किलोंच्या गाडीत दोन माणसं बसली की वजन वीस टक्क्यांनी वाढतं आणि चाकांचे कोन बदलतात. म्हणून माप घेताना चालकाच्या जागेवर माणूस हवा, नाहीतर तेवढ्या वजनाचं तांदळाचं पोतं. अलाइनमेंटवाला आधी तुमच्या तोंडाकडे बघेल, मग ठेवू देईल.

पिकअप उन्हाळ्यात कमी होतो, हा भास नव्हे. ४५ अंशांची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा साडेनऊ टक्के विरळ असते. तेवढा ऑक्सिजन कमी, साधारण तेवढी ताकद कमी. त्यात वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांश, म्हणून मिश्रणात सहा-सात टक्क्यांची घट. इथेनॉलने इंजिनमधलं नॉकिंग (इंधन अवेळी पेटून येणारा ठोकल्यासारखा आवाज) कमी होतं, ही उन्हाळ्यातली त्याची जमेची बाजू. पण जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत मिश्रणात हवेच्या मानाने इंधन कमी पडून इंजिन जास्त तापतं, आणि नव्वदच्या दशकातले रबरी पाइप त्याला तोंड द्यायला बनवलेलेच नव्हते. ते आधी बदलावेत. इंजिनच बदलायचं डोक्यात असेल, तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आधी वाचावं. नोंदणीतल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल चालत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे.

राहता राहिले गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषानुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येच्या गोलाईचा हवा. २.३ मीटर अंतरावर चाकं असलेली गाडी अशा गोलाईवरून गेली, तर भूमितीनुसार तिच्या पोटाकडे येणारा उंचवटा चार सेंटिमीटरचाच असतो. जमिनीपासून बारा-तेरा सेंटिमीटर उंच असलेली गाडी त्यावरून आरामात निघून जाते. पण आपल्या गल्ल्यांमध्ये लोकांनीच डांबराचा एक हात रुंदीचा वरवंटा टाकलेला असतो. तो पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये पूर्ण मावतो, त्यामुळे जेवढी त्याची उंची तेवढी सगळी पोटाखाली येते. त्यातून ऐटीसाठी स्प्रिंग कापून गाडी खाली बसवली असेल, तर तीन-चार सेंटिमीटर आधीच गेलेले असतात. तिथे वेग पार उतरवायचा, गाडी तिरकी घ्यायची आणि एकेक चाक चढवायचं. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवणारच.